मिठातले उंदीर

९ जुलै, चोपडा

आज गोदामाच्या माळ्यावर घुबडाच्या अकरा गोळ्या मिळाल्या. सात अख्ख्या, चार फुटलेल्या. फुटलेल्यांवर आमच्या गोदामात काम करणाऱ्या छगनभाऊंचा पाय पडला होता. त्यांना मी शंभरदा सांगितलंय की मी येईपर्यंत माळ्यावर जायचं नाही. ते मान हलवतात आणि जातात.

माझ्या मार्गदर्शक दिपमाला मॅडमच्या आग्रहाखातर ही वही सुरू करतेय. प्रबंधाच्या नोंदी वेगळ्या आणि मनातलं वेगळं, म्हणजे प्रबंधात रडगाणं येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. घरात आम्ही मारवाडी बोलतो, पण शिकले मराठीत, म्हणून भांडणही मराठीतच लिहिता येतं.

तर परिस्थिती अशी. खानदेशातल्या शेतात दोन जातींचे बारके उंदीर आहेत, बूडुगा आणि टेरिकलर. वरून बघितलं तर सख्खे भाऊ. पाठ तपकिरी, पोट पांढरं, वजन दहा ग्रॅमच्या आसपास. शेपटी मोजा, मागचा पाय मोजा, कान मोजा, आकडे एकमेकांत मिसळतातच. माझं म्हणणं आहे की फरक वरच्या पहिल्या दाढेत आहे. टेरिकलरच्या दाढेला पुढून एक बारीक उंचवटा असतो, मोहरीच्या दाण्याचा विसावा भाग म्हणा. सहा वर्षं मी या उंचवट्यापायी डोळे फोडतेय. आई जळगावहून फोन करून स्थळं सांगते आणि मी तिला दाढा सांगते.

दाढ बघायला कवटी लागते आणि कवटी हवी तर उंदीर मेलेला हवा. प्राणिशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा दादासांनी, म्हणजे आजोबांनी, एकच अट घातली होती, "तुझ्या हातून जीव जायला नको." जैन घरात यात नवल नाही. मी मार्ग काढला. आमच्या जुन्या डाळीच्या गोदामाच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी राहते. घुबड शेतातून उंदीर उचलतं, अख्खा गिळतं आणि हाडं-केसांची गोळी करून ओकून टाकतं. गोळी भिजवली की आत धुतल्यासारखी कवटी. मारणारं घुबड, मोजणारी मी. दादासांना हे इतकं आवडलं की जैन स्थानकात महाराजसाहेबांनाही सांगून आले.

बूडुगा झाले एकसष्ट. टेरिकलर अडतीस. दोन्ही साठ-साठ हवेत, आणि तेही याच एका परिसरातले. मुदत तीस सप्टेंबर. वाढीव मुदती सगळ्या संपल्या.

१४ जुलै

धुळ्याला जाऊन आले. येताना बसमध्ये अमळनेरपर्यंत उभी.

दिपमाला मॅडमनी आकडे बघितले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "रूपल, घुबडाच्या भरवशावर विद्यापीठ थांबत नसतं. बावीस कवट्या. ऑगस्टअखेर झाल्या नाहीत तर सापळे लाव. परवानगीचे कागद माझ्याकडे आहेतच."

"मॅडम, तुम्हाला घरचं माहीत आहे."

"माहीत आहे. तू सहा वर्षं घालवलीस तेही माहीत आहे." असं म्हणून त्यांनी कपाटातून एक खोकं काढलं. पन्नास सापळे, खटक्याचे. लावायचे कसे तेही एका कागदावर लिहून दिलं.

खोकं घेऊन घरात शिरले आणि नेमके दादासा ओट्यावर. त्यांनी विचारलं, यात काय? मी खरं सांगितलं. मला खोटं बोलता येत नाही अशातला भाग नाही, दमले होते. जिवंत पकडायचे का, म्हणाले. मी नाही म्हटलं. ते उठले आणि सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसले. नेहमीची अठ्ठेचाळीस मिनिटं झाली तरी उठले नाहीत. दादीसांनी दोनदा जेवायला हाक मारली.

खोकं माझ्या खाटेखाली सरकवलं आहे. वापरणार नाही. पण परत देण्याचाही धीर नाही.

१६ जुलै

आज एकच टेरिकलर. अडतीसचे एकोणचाळीस.

दुपारी भिंगाखाली दाढ होती आणि दादासा दारात येऊन उभे. ऐंशीला टेकलेला माणूस, पण माझ्या खोलीत येताना अजून खाकरतात.

"किती कमी पडतात तुला?"

"एकवीस."

"आणि मेलेले मिळाले तर? तू न मारता?"

"तर प्रश्नच मिटला."

"उंदीरच ना?"

मी वरसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, "हो दादासा, उंदीरच. हत्ती नाही."

ते हसले बहुतेक. गेले.

२६ जुलै

चमत्कारिक. आठवडाभरात चौदा गोळ्या आणि त्यांत शेतातला उंदीर एकही नाही. सगळे घरउंदीर. पटाशीच्या दाताला मागून खाच असते, चटकन ओळखू येतात. माझ्या कामाचे शून्य. घुबडं शेतात जायचं सोडून गोदामातच जेवण उरकताहेत.

विचार केला. कापूस आता मांडीपर्यंत आला आहे, पानांखाली जमीन दिसत नाही, मग वरून उडणाऱ्या घुबडाला उंदीर कसा दिसणार? म्हणून घरातले पकडतात. हे बरोबर बसतं. प्रबंधात एक परिच्छेद होईल, 'पिकाची वाढ आणि घुबडाचा आहार'. रात्री बसून मसुदा लिहिला. चांगला झाला. मॅडम खूश होतील, तेवढंच.

पण एकवीस कसे मिळायचे?

२ ऑगस्ट

गोदामात भर सकाळी एक घरउंदीर पोत्यांच्या थप्पीवरून चालला होता. चालला होता, पळत नव्हता. मी हात पुढे केला तरी थांबून बघत राहिला, म्हाताऱ्यासारखा. वजन करायला हवं होतं. आजार असेल काही. पावसाळ्यात यांच्यात साथी येतात.

वासही येतो आहे. छगनभाऊंना विचारलं तर म्हणाले, "वलं पोतं सडनं व्हई, ताई." आणि लगेच बाहेर गेले. हल्ली माझ्याशी धड बोलत नाहीत. गोळ्यांवर पाय पडला म्हणून मी ओरडले होते, त्याचा राग धरला असणार. तीस वर्षं आमच्याकडे आहेत, मला खांद्यावर घेऊन फिरवलंय. मी जरा जास्तच बोलते लोकांना. सुधारायला हवं.

९ ऑगस्ट

चांगली बातमी! मादी तीन दिवस झाले दिसलेली नाही. नर एकटाच तुळईवर, तोही अगदी खाली बसलेला, डोळे मिटून, मी शिडी चढले तरी हलला नाही. मादी अंड्यांवर बसली असणार. मागच्या कोपऱ्यात पत्र्याआड जागा आहे. पिल्लं झाली की दोघं दुप्पट शिकार करतील आणि पिल्लांसाठी त्यांना शेतात जावंच लागेल.

उगीच घाबरले होते. जीव भांड्यात पडला. दादासांना सांगितलं, घुबडाला पिल्लं होणार. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "घुबड उंदरावरच जगतं ना?"

"मग काय, डाळ-भातावर?"

आज ते जेवले नाहीत. दादीसा म्हणतात पोट बरं नाही.

१८ ऑगस्ट

घरात महाभारत. परवापासून पर्युषण आणि दादासांनी जाहीर केलं की अठ्ठाई करणार. आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. या वयात, साखर असताना! डॉक्टरांनी हात जोडले. आई-पप्पांनी फोनवर समजावलं. दादीसा रडल्या. म्हणाल्या, "लग्नाला एकोणसाठ वर्षं झाली, यांनी कधी तीन उपवासांच्या वर केले नाहीत. आता कोणतं कर्म खपवायचं राहिलंय?"

मी तर ताडताड बोलले. म्हटलं, तुम्हाला वयाबरोबर हट्टही चढलाय, लोकांनी वाहवा करावी म्हणून चाललंय हे. ते खाली मान घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "वाहवा नको गं."

मोठ्या माणसाला इतकं बोलायला नको होतं. पण खरंच कळत नाही मला, का?

२१ ऑगस्ट

दोन्ही घुबडं मेली.

नर सकाळी खाली फरशीवर पडलेला सापडला, पंख पसरून, चोचीपाशी रक्त सुकलेलं. मादी पत्र्याआड. अंडी नव्हती. ती किती दिवसांची मेलेली होती कोण जाणे, उचलली तर हातात फक्त पिसं आली. मी तिकडे बघून पिल्लांची स्वप्नं बघत होते.

नराच्या कातडीखाली सगळीकडे रक्त साकळलेलं. हे कशाने होतं ते मला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. उंदीर मारायचं औषध खाल्लेले उंदीर खाऊन. जे औषध खाल्लं की उंदीर चार-सहा दिवस जगतात, सुस्त होतात, दिवसाढवळ्या पोत्यांवर चालतात.

मी मसुदा लिहिला होता. कापूस मांडीपर्यंत आला आहे म्हणून. फाडून टाकला.

आमच्या गोदामात साठ वर्षांत औषध पडलेलं नाही. धान्याचं नुकसान सोसलं, पण पडलेलं नाही. मग कोणी ठेवलं? दादासांना आत्ता सांगायचं नाही, आज त्यांचा दुसरा उपवास. हे ऐकलं तर माणूस आत्ताच जाईल.

खूप रडले. घुबडासाठी रडले की प्रबंधासाठी, तेही नीट कळत नाही.

२२ ऑगस्ट

कळलं.

सकाळी छगनभाऊ आले, हातात तेलाचा जुना पत्र्याचा डबा. दारातच उभे राहिले. कालपासून मी रडतेय हे त्यांनी बघितलं होतं.

"ताई, हाई तुमनाकरता शे. दादासांनी सांगेल व्हतं, पर्युषण व्हवावर देजो. पन तुम्ही रडी राहिन्यात, माले देखाये ना."

झाकण काढलं. आत मीठ, आणि मिठात उंदीर. एकावर एक थर, मासळी खारवतात तसे. छगनभाऊंनी शेपट्या एका बाजूला करून नीट लावले होते.

मी विचारलं, औषध तुम्ही ठेवलं?

"तेस्नी सांगं, मी ठेवं. म्हने, पोरले उंदरं मारना पडतीन, तिना हातले पाप लागी. त्यापेक्षा आपन आधीच मारी ठेवू. माले म्हने, छगन, करनारा तू, पन पाप मनं शे." मग म्हणाले, "घुबड मरी जाई हाई माले माहीत नव्हतं, ताई. देवनी शप्पथ. दादासांनी नऊ तारीखलेच औषध बंद करं."

नऊ तारखेला. ज्या दिवशी मी त्यांना पिल्लांचं सांगितलं.

छगनभाऊ गेल्यावर सगळे उंदीर टेबलावर मांडले. त्र्याहत्तर. पोटं मळकट. शेपटी प्रत्येकाची शरीरापेक्षा लांब. तरी एकेकाची मोजली, मागचा पाय मोजला, दात बघितला, कुठेतरी एखादा चुकून शेतातला आला असेल म्हणून. संध्याकाळ झाली. त्र्याहत्तरच्या त्र्याहत्तर घरउंदीर. बूडुगा नाही, टेरिकलर तर नाहीच नाही. माझ्या कामाला यांतला एकही चालत नाही.

त्यांनी विचारलं होतं, उंदीरच ना? मी एका दाढेवरचा उंचवटा बघत बसले होते आणि तोंड वर करून दोन वाक्यं बोलले नाही. शेतातला निराळा, घरातला निराळा, एवढं सांगायला किती वेळ लागतो?

२४ ऑगस्ट

पाचवा उपवास. दादासांचा आवाज बारीक झालाय. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येतात. दादीसा त्यांच्या उशाशी माळ ओढत बसतात. त्यांना काही माहीत नाही आणि मी सांगणार नाही.

आता सगळं उलगडतं आणि स्वतःचाच संताप येतो. लोकांच्या वाहवेसाठी, असं मी म्हटलं होतं त्यांना.

आणि त्यांचाही येतो. का नाही येणार? आमच्या घरात पाप कोणी करत नाही, छगनभाऊ करतात. पोतं उचलायचं तर छगन, साप निघाला तर छगन, आणि उंदीर मारायचे तरी छगन. वर दादासा म्हणतात पाप माझं. छगनभाऊंना कोणी विचारलं होतं, तुझे हात कसे वाटताहेत?

मॅडमचा फोन. घुबडांचं सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "खोकं आहे ना?"

२५ ऑगस्ट

दादासांनी बोलावलं. दादीसांना पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं.

"छगनने डबा दिला म्हणतो."

"दिला."

"मला त्या पक्ष्यांचं ठाऊक नव्हतं, बेटा. तू म्हणालीस पिल्लं होणार, तेव्हाच औषध बंद करायला लावलं. पण उशीर झाला होता." मग माझा हात धरला, त्यांची बोटं थंडगार होती. "जे झालं ते झालं. कामी आले ना?"

खरं सांगायचं ठरवूनच खोलीत गेले होते. सहा वर्षं मी हेच शिकले, की जे आहे ते तसंच लिहायचं, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही.

"आले, दादासा."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा असा सैल पडला की मी घाबरून नाडी बघितली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "कमी पडत असतील तर सांग. मला आता पाप लागायचं ते लागलंच आहे. आणखी थोडं लागेल."

"नाही!" मी इतक्या जोरात म्हटलं की दादीसा धावत आल्या. "पुरेत. अगदी पुरेत."

२७ ऑगस्ट

संवत्सरी. वर्षभरातल्या चुकांची सगळ्यांनी सगळ्यांकडे क्षमा मागायचा दिवस. आई-पप्पा जळगावहून आले. दादासांना खुर्चीवर बसवून ओट्यावर आणलं. सगळे एकेक करून हात जोडत होते, मिच्छामि दुक्कडम्.

छगनभाऊ दरवर्षीप्रमाणे पायरीशी उभे होते. दादासा खुर्चीतून उठले, दोघांनी धरलं तरी उठले, आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावायला लागले. छगनभाऊ मागे सरकता सरकता पायरीवरून पडता पडता वाचले. "नही मालक, नही, असं नका करू," म्हणत रडायलाच लागले. पाव्हण्यांना वाटलं, केवढा हा नम्रपणा! एकाने फोटोही काढला.

मग दादासा माझ्यापुढे आले आणि हात जोडले. मीही जोडले. त्यांची क्षमा कशाकशाची मागणार होते, यादी कुठून सुरू करायची तेच कळेना.

२८ ऑगस्ट

पारणं झालं. मुगाचं पाणी, पहिला चमचा मीच दिला. वाचले. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडावर ताण आलाय, पुढे काय ते सांगता येत नाही, पण आज वाचले.

घरभर माणसं. दादासा प्रत्येकाला सांगत होते, "रूपलचं काम पूर्ण झालं. आणि एकही जीव तिच्या हातून गेला नाही." लोक माझं अभिनंदन करत होते. पेढेही वाटले.

चौथ्या चमच्याला थांबून त्यांनी विचारलं, "डॉक्टर कधी म्हणायचं तुला?"

"दिवाळीनंतर, दादासा."

दुपारी डब्यातले त्र्याहत्तर उंदीर गोदामामागे पुरले, जिथे घुबडं पुरली होती तिथेच. मग खोलीत येऊन खाटेखालचं खोकं ओढून काढलं. आता दुसरा रस्ता राहिलेला नाही. प्रबंध झाला नाही तर एक दिवस ते विचारणार, का झाला नाही, आणि तेव्हा मला त्यांना सांगावं लागेल की तुम्ही पाप घेतलंत ते फुकट घेतलंत. ते मला जमणार नाही. प्रबंध होईल, तर एकवीस टेरिकलर मेलेले हवेत. माझ्या हाताला लागू नये म्हणून त्यांनी जे केलं, ते झाकायला मला तेच करायचं आहे. महिना आहे हातात. स्वतःची किळस येते, आणि तरी मी सापळे मोजले.

छगनभाऊ पाणी द्यायला आले आणि खोकं बघून दारात थबकले. सगळं त्यांच्या लक्षात आलं. तो डबा फुकट गेला हेही.

"मी सापळा लाई देस ना, ताई," ते म्हणाले. "तुमना हात कशाले?"

"नाही, छगनभाऊ. तुमचे नकोत. माझेच लागू देत."

ते तांब्या ठेवून गेले. उद्या सहा वाजता कापसाच्या शेतात जायचं आहे.